बांध कोणाचा, कुंपण कोणी करायचं: आपल्या ग्रामसभेला खुलं पत्र

प्रति,
सन्माननीय सरपंच, उपसरपंच, ग्रामपंचायत सदस्य, पोलीस पाटील, तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष आणि समस्त ग्रामस्थ मंडळी,

सप्रेम नमस्कार.

1 मेच्या ग्रामसभेत बांधाचा आणि कुंपणाचा विषय घ्यावा, आणि तो 'आयत्या वेळचे विषय' म्हणून शेवटी उरकू नये, यासाठी हे पत्र लिहीत आहे. रब्बीची रानं मोकळी झाली आहेत. गवत वाळलंय, बांध उघडे पडलेत, हद्दीचे जे दगड शिल्लक असतील ते आत्ता दिसतात. एकदा मृग लागला की सगळं झाकून जाईल आणि पेरणीच्या घाईत कोणी कोणाचं ऐकणार नाही. काही करायचं तर ते मेमध्येच.

बांधावरून बोलणं बंद झालेली घरं आपल्या गावात किती आहेत हे सगळ्यांना ठाऊक आहे. मी नावं घेत नाही. सख्ख्या भावांच्या घरी एकमेकांच्या लग्नाची पत्रिका जात नाही. एकीकडे मयत झालं तर दुसरीकडचा माणूस लांबूनच हात जोडून मागे फिरतो. मूळ विचारलं तर हातभर माती, नाहीतर कुंपणाच्या तारेचे पैसे. गेल्या वर्षी एका भांडणात खोऱ्याचा दांडा डोक्यात बसला आणि प्रकरण पोलीस ठाण्यापर्यंत गेलं. तो माणूस वाचला. पण दरवेळी असंच निभावेल याची खात्री कोण देणार?

भांडण सुरू होतं ते 'कुंपण कोणी घालायचं' इथून. एक म्हणतो, जनावरं तुझी आत येतात, तू घाल. दुसरा म्हणतो, पीक तुझं आहे, राखायचं तू. खरं तर त्याआधी दोन प्रश्न सुटायला हवेत. हद्द नेमकी कुठून जाते? आणि आज जो बांध उभा आहे तो त्या हद्दीच्या कोणत्या अंगाला आहे? हे दोन्ही सोडून आपण एकदम पैशावर येतो आणि तिथेच अडकून बसतो.

हद्दीचं आधी बोलू. 'माझ्या सातबाऱ्यावर एवढं क्षेत्र आहे, भरून दे' हे वाक्य आपण रोज ऐकतो. सातबारा क्षेत्र सांगतो, खातेदार सांगतो, पीक सांगतो. रेषा दाखवत नाही. खरेदीखतातली चतुःसीमा उगवतीला कोण, मावळतीला कोण ते सांगते, पण त्या दोघांच्या मधली रेषा कोणत्या दगडावरून जाते ते त्यात नसतं. गावनकाशावर बोट ठेवून भांडणारे तर मी पुष्कळ पाहिले. 1 इंचाला 33 फुटी 20 साखळ्या अशा प्रमाणाचा नकाशा असेल, तर त्यावरची अर्ध्या मिलिमीटरची रेघ जमिनीवर जवळपास 4 मीटर रुंद होते. त्या रेघेत आख्खा बांध मावतो, वर बैलगाडीची वाट मावते. अशा कागदावरून फूटभर जागा ठरवता येत नाही.

रेषा सापडते ती टिपणात म्हणजे मूळ मोजणीच्या मापांच्या कच्च्या नकाशात, क्षेत्राच्या आकडेमोडीच्या गुणाकार बुकात, पोटहिस्से दाखवणाऱ्या फाळणीबाऱ्यात, आणि हे कागद तालुक्याच्या भूमि अभिलेख कार्यालयात मिळतात. इंदापूर तालुक्यात 1836 च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी जी मोजणीची पद्धत बसवली आणि 1847 च्या जॉइंट रिपोर्टने जी पक्की झाली, तिचाच हा वारसा आहे. मोजायचं, नंबर पाडायचा आणि त्याच्या कडांना खुणा ठेवायच्या. जुन्या टिपणातली मापं साखळी-आण्यांत असतात. साखळी 33 फुटांची, तिचे 16 आणे. साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद तुकडा म्हणजे 1,089 चौरस फूट, आपला गुंठा. एक आणा म्हणजे दोन फुटांच्या थोडं वर. हे मुद्दाम सांगते, कारण या मापाच्या कागदावरून वीतभर जागेसाठी डोकी फोडणाऱ्यांनी तो कागद एकदा नीट वाचावा. मूळ दगड जागेवर असेल तर त्या दगडासारखा साक्षीदार नाही.

पण दगड जागेवर राहतो कुठे? बांध कसा संपतो ते मी माझ्या शेताच्या उगवतीच्या कडेला पाहिलं आहे. बैलाच्या नांगराच्या काळात हे सावकाश व्हायचं. आता ट्रॅक्टरवाल्याला सांगितलेलं असतं, 'जरा कडेनं घे.' नांगराचं शेवटचं तास, म्हणजे शेवटची ओळ, बांधाच्या पायथ्याशी लागतं, फाळ पायथ्याची माती उचलून रानात टाकतो. वरून बांध तेवढाच दिसतो, खालून पोकळ होतो. पहिल्या जोरदार पावसात कड ढासळते. मग रोटाव्हेटर ती ढासळलेली माती सपाट करून रानात घेतो. चार फुटांचा बांध काही वर्षांत फूटभराचा होतो, त्यावरचं पवन्या गवत जातं, घायपाताची रांग जाते, बोरीची मुळं उघडी पडतात. शेवटी दगड एकटा उरतो आणि एके दिवशी तोही फाळाला लागून आडवा होतो. 200 मीटर लांबीच्या कडेला फूटभर रुंदी गेली तर अर्ध्या गुंठ्याहून जास्त जमीन गेली. आणि ज्याने ती खाल्ली त्याच्या हातात तरी काय राहतं? बांध गेला की वरच्या रानाचं पाणी थेट खाली उतरतं आणि दोघांचीही माती ओढ्याला नेतं.

एक गोष्ट सभेत उघड बोलली गेली पाहिजे. बांध सगळ्यांचा सारखा कोरला जात नाही. जिचा नवरा गेला आहे तिचा कोरला जातो. ज्याची मुलं पुण्या-मुंबईला नोकरीला आहेत त्या म्हाताऱ्याचा कोरला जातो. ज्याच्या घरात आवाज चढवायला माणूस नाही, त्याच्या कडेला फाळ दरवर्षी चार बोटं पुढे सरकतो. माझ्या नावावर वारसाची नोंद झाल्यापासून हे मी स्वतः पाहते आहे. गावाने हा नुसता दोन शेजाऱ्यांचा आपसातला मामला मानला, तर जो दांडगा आहे तोच दरवेळी जिंकणार.

आता बांध कोणाच्या अंगाला, हा प्रश्न. हद्दीच्या रेषेला रुंदी नसते, बांधाला असते. म्हणून दोन कोपऱ्यांचे मूळ दगड सापडले की त्यांच्यामधून दोरी ताणावी. टिपणात मध्ये कुठे बाक दाखवला असेल तर तिथे दोरी वळवावी. दोरी बांधाच्या मधून गेली तर बांध सामाईक, डागडुजी दोघांची. बांध आख्खा एकाच्या रानात पडला तर तो त्याचा, राखायचा त्याने, आणि दुसऱ्याने त्याला फाळ लावायचा नाही. उताराच्या रानात आपल्याकडची जुनी माणसं ताल, म्हणजे उताराला आडवा घातलेला बांध, वरच्या शेतकऱ्याची मानत, कारण ती त्याची माती धरून ठेवते. पण खालच्याने तिच्या पायथ्याशी खोदायचं नाही, हाही त्याच रिवाजाचा भाग होता. आज वरच्याला 'ताल तुझी, तू बांध' एवढं सगळे ऐकवतात, खालच्याला त्याच्या वाट्याची अट कोणी सांगत नाही.

आणखी एक घोळ. शिवारातले कित्येक बांध हद्दीचे नाहीतच. 1972 च्या दुष्काळात आणि त्याच्या आगेमागे सरकारी कामांवर जे बांध पडले, ते पाणी आणि माती अडवायला, जमिनीच्या उताराला आडवे पडले. ते समतल रेषेने जातात, खातेदारांच्या हद्दीने नाही. आजच्या पिढीला बांध दिसतो आणि ती म्हणते, हीच हद्द. आपल्याकडचे दोन वाद तरी याच गैरसमजातून पेटलेले आहेत, आणि दोन्ही ठिकाणी कोणी टिपण काढून पाहिलेलं नाही.

भावकीतलं दुखणं याहून खोल आहे. 1947 च्या तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाच्या कायद्याने गावोगाव गटवारी झाली, सर्व्हे नंबरांचे गट नंबर झाले. कागदावर एक गट झाला तरी रानात भाऊ आपापल्या वहिवाटीप्रमाणे कसत राहिले. पुढे वाटण्या झाल्या, काही तोंडी, काही साध्या कागदावर. आज एका गटात पाच खातेदार आहेत, पण नकाशावर त्या गटाला बाहेरची कड तेवढी आहे. आतल्या रेषा कोणी कधी मोजल्याच नाहीत. अशा ठिकाणी 'हद्द कायम' मोजणी मागून उपयोग होत नाही, कारण कायम करायला आत रेषाच नाही. तिथे आधी वाटप कागदावर यावं लागतं. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966 च्या कलम 85 मध्ये सहधारकांच्या वाटपाची वाट आहे. मग पोटहिस्सा मोजणी, म्हणजे गटातल्या प्रत्येकाच्या वाट्याची मोजणी. ही कामं वेळ खातात हे खरं, पण ती केल्याशिवाय चुलत्या-पुतण्यांनी एकमेकांना 'तू माझ्यात आलास' म्हणण्याला काही आधार नाही.

जबाबदारीबद्दल कायदा काय म्हणतो ते मी समजून घेतलं आहे. याच संहितेच्या कलम 140 प्रमाणे आपापल्या जमिनीच्या हद्दीच्या खुणा सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी प्रत्येक जमीनधारकाची आहे. खूण हलली, मोडली आणि सरकारी यंत्रणेला ती दुरुस्त करावी लागली, तर वाजवी खर्च त्याच्यावर पडतो. गावरस्त्याला किंवा गावाच्या सामाईक जमिनीला ज्याचं शेत लागून आहे, त्याने ती कड स्वतःच्या खर्चाने आखून ठेवायची, हे कलम 141. कलम 136 प्रमाणे हितसंबंधित माणूस अर्ज करून हद्द आखून मागू शकतो. हद्द ठरली की ती दोन्ही बाजूंना लागू होते, आणि कोणी दुसऱ्याच्या जागेत बेकायदा बसला असेल तर त्याला काढण्याचा अधिकार कलम 138 खाली जिल्हाधिकाऱ्यांना आहे. म्हणजे आपला ट्रॅक्टर घालून 'माझं मी घेतलं' म्हणण्याचा अधिकार कोणाला नाही. मुद्दाम खूण उपटणाऱ्याला दंड आहे, तो कलम 145 मध्ये.

आता या कलमांत काय नाही ते ऐका. शेजाऱ्याने कुंपणाचा निम्मा खर्च दिलाच पाहिजे, असं त्यांत कुठेही म्हटलेलं नाही. खुणांची जबाबदारी आहे, कुंपणाची सक्ती नाही. तेव्हा ज्याला कुंपण हवं, त्याने ते आपल्या हद्दीच्या आत, आपल्या पैशाने घालावं आणि शेजाऱ्याने अडवू नये. सामाईक कुंपण घालायचं तर दोघांच्या राजीखुशीने, आणि कागद करून. 'अर्धे दे नाहीतर बघून घेईन' या धमकीला कायद्याचा आधार नाही, तसा 'तुझी तार माझ्या रानाकडून दिसली नाही पाहिजे' या हट्टालाही नाही.

जनावरांचंही तेच. 1871 चा गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा जनावर सांभाळण्याचा भार जनावरवाल्यावर टाकतो. पिकाचं नुकसान करणारं जनावर धरून शेतकरी 24 तासांच्या आत कोंडवाड्यात पाठवू शकतो. 'तुझ्या शेताला कुंपण नव्हतं, म्हणून माझ्या म्हशी आल्या' हे उत्तर चालत नाही. मात्र त्यासाठी कोंडवाडा तरी जागेवर हवा. आपल्या कोंडवाड्याची एक भिंत पडली आहे आणि आत पंचायतीचे जुने पाइप ठेवले आहेत. जनावर धरलं तर न्यायचं कुठे? मग शेतकरी काठी उचलतो आणि तिथून दुसरंच प्रकरण सुरू होतं.

गेल्या काही वर्षांत कुंपणाची गरज जनावरांपेक्षा डुकरांमुळे वाढली, हे मी मान्य करते. रानडुकरांचा कळप एका रात्रीत भुईमूग उकरून जातो, तेव्हा शेजाऱ्याशी बोलणी करत बसायला कोणाला वेळ नसतो. म्हणून सौर झटका मशीन आली. ती ठीक आहे. तिच्यातून साधारण सेकंदाला एक असे क्षणभराचे झटके जातात, जनावर दचकून मागे सरतं. पण काही ठिकाणी मशीनशिवाय, थेट खांबावरून आकडा टाकून तारेत वीज सोडली जाते. हे माणूस मारण्याचं काम आहे. हद्दीवरच्या तारेला पहाटे पाणी द्यायला आलेला शेजारी हात लावणार, गवत कापणारी बाई लावणार, बांधावरून शाळेत जाणारं पोर लावणार. ग्रामसभेने याबाबत एक अक्षरही मऊ ठेवू नये. झटका मशीन लावणाऱ्याने दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांना आधी सांगावं, तारेला फलक लावावा. थेट वीज सोडणाऱ्याची तक्रार पंचायतीने स्वतः करावी, शेजाऱ्यावर ते ओझं टाकू नये.

माझ्या कडेचं पुढे काय झालं तेही सांगते, म्हणजे हे निव्वळ कागदी बोलणं वाटणार नाही. उगवतीच्या शेजाऱ्यांशी, त्यांना मी दादा म्हणते, आमचं बोलणं जवळजवळ तुटलं होतं. शेवटी मीच मोजणीचा अर्ज केला आणि त्यांच्या घरी जाऊन सांगितलं, 'दादा, नोटीस येईल, त्या दिवशी तुम्ही हजर राहा. मोजणी तुमच्यामागं झाली तर तुम्हाला पटणार नाही, मला माहितेय.' ते आले. मोजणीचे भूकरमापक रोव्हर, म्हणजे उपग्रहाच्या मदतीने जागा मोजणारं यंत्र, घेऊन आले, एका कोपऱ्याचा दगड मातीखाली हातभर खोल सापडला, दुसऱ्या कोपऱ्याचा सापडलाच नाही, तो बिंदू मोजून काढावा लागला. खुंट्या ठोकल्या. साहेब गेल्यावर आम्ही तिथेच दोरी ताणली, दोरीवरून चुना टाकला आणि दादांनी स्वतःच्या हाताने नवा दगड पुरला. चुन्याची रेघ त्यांच्या उसाच्या पहिल्या सरीतून गेली होती. ते बराच वेळ त्या सरीकडे बघत उभे राहिले. मग म्हणाले, 'हा ऊस निघू दे वहिनी, पुढच्या लागणीला सरी आत घेतो.' मी हो म्हटलं, आणि त्यांनी शब्द पाळला.

कुंपणाचं आम्ही वेगळं बसून ठरवलं. खांब रेषेवर, तार आणि खांब माझे, खड्डे आणि मजुरी त्यांची. ओढ्याकडच्या टोकाला वाट मोकळी ठेवायची, कारण पलीकडच्या दोन शेतांना तीच वाट आहे. शेजारच्या नंबरांच्या बांधावरून जाण्याचा हक्क कोणी सांगितला तर त्याचा निर्णय कलम 143 प्रमाणे तहसीलदार करतात. आपण तार ओढून तो परस्पर निकाली काढायचा नाही. तार तुटली तर ज्याच्या बाजूने तुटली त्याने जोडायची. हे सगळं एका कागदावर लिहिलं, दोघांनी सह्या केल्या, पोलीस पाटलांची साक्ष घेतली, एकेक प्रत ठेवली. कागद साधाच आहे, पण 'आपलं काय ठरलं होतं' यावरून आता वाद होत नाही.

तंटामुक्ती समितीला माझं एक कळकळीचं सांगणं आहे आणि ते कटू वाटलं तरी सांगते. 2007 साली ही मोहीम सुरू झाली तेव्हापासून समितीने पुष्कळ घरं जोडली आहेत. पण बांधाच्या वादात समितीची एक सवय घातक आहे. दोघांना समोर बसवायचं आणि म्हणायचं, 'दोघंही हात-हातभर सोडा आणि मिटवा.' ऐकायला हे समंजस वाटतं. पण ज्याने दोन हात कोरले, त्याला यात एक हात बक्षीस मिळतो, आणि जिने काहीच केलं नाही तिचा एक हात कायमचा जातो. पुढच्या वर्षी तो पुन्हा कोरतो, कारण त्याला हिशेब कळलेला असतो. पंचांनी रेषा ठरवू नये. रेषा मोजणीने ठरावी. ती कोणाला पटली नाही तर निमताणा मोजणी, म्हणजे वरच्या अधिकाऱ्याकडून फेरमोजणी, मागता येते. पंचांचं काम त्यानंतर सुरू होतं: बांध कोणी घालायचा, कोणत्या महिन्यात, उभं पीक निघेपर्यंत किती थांबायचं, कुंपणाचा खर्च कसा वाटायचा, वाट कुठे ठेवायची. ही कामं मोजणीवाले करू शकत नाहीत, ती गावानेच करायची असतात. आज आपण उलटं करतो. रेषा अंदाजाने तोडतो आणि खर्चासाठी कोर्टात जातो.

'राहू दे, आपसात कशाला' म्हणून गप्प बसणाऱ्यांनीही लक्षात घ्यावं. मुदत कायदा 1963 प्रमाणे मालकी हक्काने ताबा परत मागायला 12 वर्षांची मुदत असते, आणि समोरच्याचा ताबा आपल्या हक्काविरुद्ध सुरू झाल्यापासून ती मोजतात. गप्प राहण्याने नातं टिकतं असं वाटतं, पण पुढे मुलांच्या पदरात ना जमीन राहते ना नातं. ज्यांच्याकडे 12 वर्षांहून अधिक काळ एकमेकांच्या आख्ख्या जमिनीचाच ताबा अदलाबदल होऊन बसला आहे, त्यांच्यासाठी जानेवारी 2023 मध्ये सलोखा योजना आली. तिच्यात अदलाबदलीच्या दस्ताला 1,000 रुपये मुद्रांक शुल्क आणि 1,000 रुपये नोंदणी फी ठेवली होती. आपल्या गावात अशी उदाहरणं आहेत, त्यांनी ती अजून चालू आहे का याची तलाठ्यांकडे चौकशी करावी. कडेच्या हातभर पट्टीसाठी मात्र ती योजना नाही.

गावठाणातल्या भिंतींचा वाद यात मी घेत नाही. तिथे 2020 च्या स्वामित्व योजनेतून ड्रोनने मोजणी आणि मिळकत पत्रिकेचा मार्ग आहे, तो विषय वेगळा घ्यावा.

ग्रामसभेकडे माझं मागणं असं. मेच्या पहिल्या पंधरवड्यात शिवार फेरी काढावी, रोज एक बाजू. त्या बाजूचे खातेदार, तलाठी, कोतवाल, पोलीस पाटील आणि जुनी माहिती असलेली दोन म्हातारी माणसं बरोबर असावीत. सापडतील त्या दगडांना चुना लावावा, नसतील त्यांची यादी करावी. वाद असेल तिथे त्या दिवशी एक शब्दही तोडू नये, फक्त नोंद घ्यावी. ज्या कडांना मोजणी लागणार आहे, तिथल्या खातेदारांनी एकाच वेळी अर्ज करावेत आणि मोजणीची फी दोन्ही शेजाऱ्यांनी निम्मी-निम्मी भरावी. आज फी भरतो एक आणि रेषा मिळते दोघांना. म्हणूनच कोणी पुढे होत नाही. ज्याला खरंच निम्मी फी झेपत नाही, त्याच्यासाठी गावाने काय करायचं ते सभेत ठरवावं. मला वाटतं, एखाद्या वर्षी जत्रेच्या वर्गणीतून थोडं बाजूला काढलं तरी चालेल. देव रागावणार नाही.

पंचायतीत एक बांध नोंदवही असावी. तिने कोणाची मालकी ठरत नाही, हे पहिल्या पानावरच लिहावं. पण कोणत्या कडेचा बांध सामाईक, कोणत्या टोकापासून कोणत्या टोकापर्यंत कोणी राखायचा, कुंपण कोणाच्या पैशाने, वाट कुठे, हे दोघांच्या सह्यांनिशी तिच्यात असावं. शेत विकलं गेलं, वारस बदलले, तर नव्या माणसाला आधीचं ठरलेलं दाखवता येईल. बाहेरगावी राहणाऱ्या खातेदारांचे फोन नंबर पंचायतीकडे आहेतच. त्यांच्या कडेला काम निघालं तर आधी कळवायचं, आणि ते आल्याशिवाय खुणेला हात लावायचा नाही. एकट्या बाईच्या शेताच्या कडेला नांगरट होते तेव्हा तिने बोलावलं तर पोलीस पाटलांनी यावं. ट्रॅक्टरवाल्या पोरांनाही सभेत बोलवा. शेतमालकाने कितीही सांगितलं तरी बांधापासून हातभर लांब तास घेण्याचा नियम त्यांनी पाळला, तर निम्मे वाद उगवणारच नाहीत. भाडं त्यांना दोघांकडूनही मिळतं, त्यामुळे नाही म्हणणं त्यांना अवघड जातं. सभेचा ठराव असेल तर त्याच्याकडे बोट दाखवता येईल. आणि कोंडवाड्याची भिंत या उन्हाळ्यात उभी करा.

एवढं सगळं एका सभेत मंजूर होणार नाही हे मला कळतं. शिवार फेरीचा आणि थेट विजेच्या तारेचा ठराव तरी 1 मेला व्हावा, बाकीचं 15 ऑगस्टच्या सभेत घेता येईल. महिला सभेत हा विषय मी मांडते आहेच, तिथून तो ग्रामसभेपुढे रीतसर येईल. मोजणीची क प्रत, म्हणजे अर्जदाराला मिळणारी मोजणी नकाशाची प्रत, आणि आमचा दादांबरोबरचा कागद मी सोबत आणते. ज्यांना तसाच कागद करायचा असेल त्यांनी उतरून घ्यावा. फेरीची सुरुवात माझ्याच गटापासून करा, दादांनाही मी विचारलं आहे, त्यांची हरकत नाही. ठराव मांडायला मी उभी राहीन. अनुमोदन द्यायला दुसऱ्या भावकीतला कोणीतरी एक पुढे यावा, आणि शक्य तर ज्याचं आज शेजाऱ्याशी बोलणं बंद आहे असाच यावा, एवढी विनंती.

आपली,
गावातली एक खातेदार